दोनशे ग्रॅम म्हणजे नेमके किती?

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मी मुलांपुढे सांगलीच्या बाजारातून आणलेल्या हळदीच्या दहा पुड्या ठेवतो. प्रत्येकीवर ‘निव्वळ वजन २०० ग्रॅम’ असे छापलेले असते. गेल्या वर्षी त्यांतली एक पुडी, रिकाम्या पिशवीचे वजन वजा जाता, १९६ ग्रॅम भरली. “सर, ही तर उघड लबाडी!” एक विद्यार्थी म्हणाला.

खरेच का? यंत्राने भरा किंवा हाताने, कोणत्याही दोन पुड्या तंतोतंत सारख्या भरत नाहीत. एकही पुडी २०० ग्रॅमच्या खाली जाऊ नये असा हट्ट धरला, तर प्रत्येक पुडीत थोडी जास्त हळद घालावी लागेल आणि तिची किंमत शेवटी गिऱ्हाइकच देईल. मोठ्या कारखान्याला अचूक यंत्र परवडेल. चार बायकांच्या बचत गटाला कोठून परवडणार? उलट, काहीच बंधन नसेल तर गिऱ्हाईक नागवले जाईल.

आवेष्टित वस्तूंसाठी आपल्याकडे १९७७ साली नियम झाले. २०११ पासून त्यांची जागा वैध मापनशास्त्राच्या नव्या नियमांनी घेतली. त्यांनी मधला मार्ग काढला आहे. २०० ग्रॅमच्या पुडीत ९ ग्रॅमपर्यंतची तूट क्षम्य आहे. मात्र तपासलेल्या पुड्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. ९ ग्रॅमहून अधिक तूट ठरावीक थोड्या पुड्यांतच चालते. आणि १८ ग्रॅमहून अधिक तूट एकाही पुडीत चालत नाही.

यांत सरासरीची अट सर्वांत महत्त्वाची. यादृच्छिक त्रुटी कधी अधिक, कधी उणी असते. सरासरीत ती बरीचशी फिटते. लबाडी मात्र नेहमी एकाच बाजूला झुकते. प्रत्येक पुडीत ४ ग्रॅम कमी भरले, तर एक लाख पुड्यांमागे ४०० किलो हळद गिळली जाते, आणि तरीही एकेकटी पुडी निर्दोष दिसते!

साताऱ्यात एका दुकानदाराने मला अर्धा किलो कंदी पेढे खोक्यासकट तोलून दिले. घरी नुसते खोके ४० ग्रॅम भरले. पुठ्ठा मी पेढ्याच्या भावाने विकत घेतला होता. ही शून्यांक त्रुटी. ती कितीही वेळा तोलले तरी फिटत नाही, आणि ती क्षम्यही नाही.

नियम न्याय्य आहे, पण अपुरा पडतो, असे माझे मत आहे. एक पुडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला सरासरी कळणार कशी? शिवाय छापील मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियम भागतो, मराठी ऐच्छिकच. म्हणून निरीक्षकांच्या तपासणीचे निष्कर्ष जिल्हावार, मराठीत प्रसिद्ध व्हावेत. यामुळे आमचे नाव खराब होईल, असे काही उत्पादक म्हणतील. परंतु ज्यांची सरासरी चोख आहे त्यांचीही नावे त्याच यादीत येतील, आणि प्रामाणिक लहान उत्पादकाला याहून स्वस्त जाहिरात कोणती?

तोवर हे काम आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही सुरू करता येईल. एकाच खेपेच्या दहा पुड्या आणा, तोला, सरासरी काढा. एक पुडी हलकी भरली म्हणून कोणाला चोर म्हणू नका. पण सरासरीच कमी आली, तर वहीतले आकडे घेऊन शिक्षकांसह वैध मापनशास्त्र कार्यालयात जरूर जा.