जुनी सायकल दान करण्यापूर्वी

कोथरूड, बावधन, बाणेरकडच्या कोणत्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावले, तर जिन्याखाली दोन-चार सायकली धूळ खात पडलेल्या दिसतात. त्यांत जाड दातेरी टायरची एखादी ‘माउंटन बाइक’ हमखास असते. चेन गंजलेली, टायर बसलेले, सीटचा स्पंज उंदरांनी कुरतडलेला. कधीतरी सोसायटीची नोटीस लागते आणि या सायकली भंगारवाल्याकडे जातात, किंवा टेम्पोत भरून चांदणी चौकाच्या पलीकडे मुळशीतल्या एखाद्या गावाला दान केल्या जातात. दान देणाऱ्याच्या मनात चांगलेच असते. पण तीन गंजलेल्या सायकली देण्यापेक्षा तिन्हींचे धड भाग काढून एक खणखणीत सायकल उभी करणे आणि मगच ती कुणाच्या हाती देणे, हे आरोग्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे.

माउंटन बाइकचा जन्मच मुळी असा झाला. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातले तरुण 1930-40च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली गोळा करत, त्यांना इतर सायकलींचे सुटे भाग बसवत आणि टमालपायस डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली सोडत. 1976च्या ऑक्टोबरात त्यांनी याच परगण्यात पहिली शर्यत लावली. तिचे नाव ‘रीपॅक’. एका उतारातच मागच्या हबमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. जुन्या भागांतून नवी सायकल उभी राहते आणि उतारावर सगळा खेळ ब्रेकचा असतो, हे दोन्ही धडे या कथेत आहेत. मुळशीला दोन्ही लागू पडतात.

सायकल रस्त्यावर यावी, यात दुमत असू नये. आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुरेसा व्यायाम न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 2022मध्ये जवळपास निम्मे होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. कामाची जागा पाच किलोमीटरवर असेल, तर सायकलने जाण्या-येण्यात रोज साधारण चाळीस मिनिटे होतात आणि पाच दिवसांत 200 मिनिटांचा हिशेब आपोआप पुरा होतो. पायडल मारताना मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात आणि गुडघ्यांवर मात्र धावण्याइतका भार येत नाही. पिरंगुटच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्याला वेगळी जिम लावण्याची गरज उरत नाही.

जुन्या भागांची निवड करताना मात्र जमाखर्च नीट मांडावा लागतो. लोखंडी फ्रेम, हँडल, पायडल, क्रँक, सीटपोस्ट, कॅरिअर, गार्ड हे भाग तडा किंवा वाक नसेल तर खुशाल वापरावेत. हब उघडून जुने ग्रीस पुसावे आणि छर्रे सगळेच्या सगळे नवे टाकावेत. त्यांचा खर्च किरकोळ असतो. चेन फूटपट्टीने मोजता येते. बारा जोड-कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरायला हवी. एका इंचाचा सोळावा भाग जास्त भरला की चेन बदलावी, आठवा भाग जास्त भरला तर दात्यांची चक्रेही झिजलेली असतात. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, हे विसरून जोर लावला तर चांगला क्रँक वाया जातो. टायर घेताना तर हमखास फसगत होते. 26 इंच असे लिहिलेले दोन टायर एकाच मापाचे असतातच असे नाही. माउंटन बाइकवर 26 × 1.95 असे दशांशात लिहिलेले असते आणि तिची रिम 559 मिलिमीटरची असते. 26 × 1 3/8 असे अपूर्णांकात लिहिलेला टायर 590 मिलिमीटरच्या रिमचा. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

काही भाग मात्र जुने वापरूच नयेत. ब्रेकचे रबर, ब्रेकची वायर, भेगा पडलेले टायर आणि हेल्मेट ही ती यादी. हेल्मेटच्या आतला फोम एकदाच आघात झेलतो. आधी ते कुठे आपटले होते हे बाहेरून कळत नाही. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला हँडलजवळच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती भंगारातच टाकावी. लोखंडाप्रमाणे हा धातू आधी वाकून इशारा देईलच असे नाही.

ब्रेकबाबत इतका काटेकोरपणा का? सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन 100 मीटर खाली उतरले, की सुमारे 78 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ब्रेक धरून उतरताना तिचा मोठा वाटा रबर आणि रिम यांच्यामध्ये उष्णतेच्या रूपाने जातो. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर चौपट होते. त्यात मुळशीचा पाऊस. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी असेल तर ब्रेक धरायला कितीतरी अधिक अंतर लागते. कोथरूडच्या सपाट गल्लीत चालून गेलेली सायकल पिरंगुटच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात चालून जाईल, असे गृहीत धरणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाशी खेळणे आहे.

सर्वांत दुर्लक्षित धोका हँडलच्या टोकाला असतो. जुन्या सायकलीची रबरी मूठ निघून गेलेली असते आणि उरते ती उघडी लोखंडी नळी. लहान मूल पडताना हँडल फिरते, नळीचे टोक पोटात घुसते. बाहेर कधीकधी फक्त गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा आतडे फाटलेले असू शकते. स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर दाबले जाऊन चिरडते. त्रास काही वेळा अनेक तासांनी सुरू होतो. म्हणून हँडल पोटाला लागल्यानंतर मुलाचे पोट दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा ते निस्तेज वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मूठ नवी बसवायला मात्र फार तर पाच मिनिटे लागतात.

कॅरिअरवर बसलेल्या धाकट्या भावंडाचा पाय मागच्या चाकाच्या तारांत अडकून टाच सोलली जाणे, ही जखम ग्रामीण रुग्णालयांना नवी नाही. मागच्या चाकाला जाळी असल्याशिवाय लहान मुलाला मागे बसवू नये. दुरुस्तीच्या जागीही खबरदारी हवी. गंज धुण्याचे रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घातक आहे. मूल ते पिऊन बसले तर त्याला उलटी करायला लावू नये, कारण रॉकेल फुफ्फुसात शिरून न्यूमोनिया होतो. थेट रुग्णालयात न्यावे. आणि धनुर्वात गंजामुळे होतो हा समज चुकीचा. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, जखमेतून शरीरात जातात. धनुर्वाताचा बूस्टर घेऊन दहा वर्षे उलटली असतील, तर हात कापण्याआधीच तो घेऊन टाकावा.

‘एवढ्या खटाटोपापेक्षा नवी सायकल बरी’ असा आक्षेप येतो. पण अगदी स्वस्त नव्या माउंटन बाइकमध्ये शॉकअप आणि गिअर दिखाव्यापुरते असतात, वजन वाढते आणि बिघडले की गावात दुरुस्त करणारा मिळत नाही. जुनी, साधी, लोखंडी फ्रेम नीट जुळवली तर ती वर्षानुवर्षे चालते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल पाहायला मिळते. जपले तर लोखंड ऐंशी वर्षेही टिकते. सुट्या भागांसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे आणि सोसायट्यांचे जिने तर आहेतच.

कमी आहे ती दुरुस्तीच्या जागेची आणि ती करणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीची. सायकली गोळा करणाऱ्या संस्थांनी टेम्पोच्या भाड्याबरोबर ब्रेक, वायर, मुठी आणि मेकॅनिकच्या मजुरीचे पैसेही उभे करावेत. पौड, पिरंगुटसारख्या ठिकाणी ग्रामपंचायतीने एक खोली आणि अवजारांचा एक संच द्यावा, पंक्चरवाल्याला मानधनावर बसवावे आणि शाळेतल्या मोठ्या मुला-मुलींना आउट काढायला, ब्रेक जुळवायला शिकवावे. सायकल हाती देण्यापूर्वी तिचा पुढचा ब्रेक दाबून ती ढकलून पाहावी, मागचा दाबून ओढून पाहावी, हँडलच्या दोन्ही मुठी पिळून पाहाव्यात. चाके जागच्या जागी थांबली, मुठी फिरल्या नाहीत, तरच ती सायकल द्यावी. रक्त देण्याआधी ते तपासले जाते; सायकल देतानाही तोच नियम असायला हवा.