बट जॉइंट, जीप आणि जॅक

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच दोन पट्ट्यांचा बट जॉइंट केला. स्लॅग ठोकला, फायलिंग केलं, सरांची सही झाली आणि जॉब भंगारात गेला. त्यावर कधी कुणी वजन टाकलं?

मला हा प्रश्न पडला तो थर्ड इयरच्या सुट्टीत. रूममेटच्या काकांच्या जुन्या जीपला आम्ही रॉक स्लायडर करायला घेतले. म्हणजे दारांखाली आडवे जाड पाइप. गाडी दगडावर टेकली तर पत्रा चेपू नये, पाइपवरून घसरत पुढे जावी. कळंबोलीत राहून लोखंडाला काय तोटा? स्टील मार्केटमधून 40 एनबी 'सी' क्लास पाइप आणला, बाहेरून 48.3 मिलिमीटर, जाडी 4. टेकूंसाठी मात्र पैसे वाचवायला जीआयचे तुकडे वापरले. जस्त जळून पांढरा धूर निघाला आणि रात्री दोघांनाही हुडहुडी भरून ताप. (आम्ही उगाच मेसच्या बटाट्याला शिव्या घातल्या.)

खरी चूक पुढेच होती. टेकू आम्ही बॉडीच्या पत्र्याला जोडले. दिसायला एकदम झकास! स्लायडरखाली जॅक लावून चार दांडे मारले, तर गाडी जागेवर आणि पत्रा वर. काका काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. 'स्ट्रेंथ'च्या पेपरात मला चांगले मार्क होते हो!

शेवटी ट्रक टर्मिनलजवळचे एक वेल्डर चाचा आले. "आधी चासी बघ रे, पोरा." त्यांनी बॅटरीची अर्थ काढली, 6 मिलिमीटरच्या प्लेटचे कोपरे गोल केले, मग पाइप ओढला जाऊ नये म्हणून आलटूनपालटून टाके मारले. या वेळी जॅकवर त्या बाजूची चाकं उचलली गेली.

आता माझं म्हणणं. आपल्या लॅबमध्ये यूटीएम आहे. त्यावर आपण तयार रॉड तोडतो. मग आपणच केलेला जोड का नाही तोडायचा? तुटला तर मार्क कापू नका. का तुटला ते लिहायला लावा. वेळ नाही, हे कारण मला पटत नाही. सेफ्टीचं पटतं, म्हणूनच हे सरांसमोर व्हावं.

नियमही आम्ही उशिराच वाचले. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये कलम 52 दाखवून बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. स्लायडरवरही आरटीओ बोट ठेवू शकतो.

पत्र्याचा तुकडा घेऊन निघालेला आमचा पहिला टेकू माझ्या कॉटखाली आहे. वर्कशॉपला हवा असेल तर रूमवर या, देतो.