उद्या सकाळी नऊ वाजता

मालवण परिसरात आईवडील मुंबईस नोकरीला आणि नातवंडे आजी-आजोबांपाशी अशी पुष्कळ घरे आहेत. शाळेचा निरोप मात्र रात्री दहाला मुंबईतल्या वडिलांच्या मोबाईलवर येतो : 'उद्या सकाळी नऊ वाजता पालकांनी उपस्थित राहावे.' तो घरी पोहोचेपर्यंत आजी निजलेली असते.

गेल्या डिसेंबरात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना स्नेहसंमेलनाच्या मंडपातून माझ्याकडे आणले. पहाटे उठून त्यांनी नातवाचा मावळ्याचा पोशाख शोधला, मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने घेतली आणि एसटी गाठली. पेज तशीच राहिली. मंडपात दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. लोक म्हणाले, ऊन बाधले. रक्तातील साखर होती 48! सावध झाल्यावर त्यांनी प्रथम विचारले, "नाच झालो काय?"

नाच झाला होता.

न्याहारी होणार नसेल तर अशी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघू नये. त्या दिवशी काय करावे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. घाम, थरथर, गोंधळ दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. प्रवासाच्या भीतीने लघवीची गोळी परस्पर टाळणारे आजोबाही मला भेटतात. तिची वेळ बदलता येते, पण विचारून.

शिक्षकांनाही वरचा आदेश बहुधा आदल्या संध्याकाळीच मिळतो, हे मी जाणतो. तरी आठ दिवस आधीची चिठ्ठी मागण्यात संकोच कसला? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि बालकाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्तीही त्या कायद्याच्या दृष्टीने पालकच होय. तेव्हा शाळेच्या नोंदीत मुंबईच्या क्रमांकाबरोबर घरातील आजीचाही क्रमांक घालून घ्यावा.

त्या आजींनी तो घातला. यंदा निरोप आठवडाभर आधी आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या गोळीचे पाकीट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.