सकाळचा अर्धा तास

पनवेलहून सुटणारी हार्बर गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठेपर्यंत सुमारे ८० मिनिटे घेते. साहजिकच येथील चाकरमान्याची सकाळ धावपळीतच सरते. व्यायामास वेळ कोठून आणावा, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. परंतु ज्या गावी १८७२ मध्ये धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा आरंभ झाला, तेथे औषधाआधी दिनचर्या येते हे सांगावे लागू नये. ‘अष्टांगहृदया’च्या दुसऱ्याच अध्यायात वाग्भटाने ती सांगितली आहे : पहाटे उठणे, दंतधावन, अभ्यंग आणि अर्ध्या शक्तीने व्यायाम. एवढे सारे न साधले, तरी चार सूर्यनमस्कार आणि स्वस्थ बसून केलेली न्याहारी साधू शकेल.

मात्र हा वेळ कोणाच्या खात्यातून काढावयाचा? पहाटेपासून चुलीशी उभ्या असलेल्या गृहिणीच्या खात्यातून काढला, तर ती आरोग्याची जोपासना नव्हे, उसनवारी होय. कित्येक घरांत तिलाही तीच गाडी गाठावयाची असते. म्हणून भाजी रात्रीच निवडावी. डबा ज्याचा त्याने भरावा, अंथरूण ज्याचे त्याने काढावे. अशाने वाचलेल्या अर्ध्या तासात तिचाही वाटा असेल, तरच ती घराची दिनचर्या म्हणता येईल.