विजेत्यांना जमीन नाकारणारा खलिफा

१९३७ साली काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे अधिकारावर आली, तेव्हा वर्ध्याजवळच्या सेगावात राहणाऱ्या गांधीजींनी 'हरिजन'मधून नव्या मंत्र्यांपुढे अबू बकर आणि उमर या आरंभीच्या दोन खलिफांच्या साधेपणाचा आदर्श ठेवला. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्रीही त्यात आलेच, आणि आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. आदर्श शोधण्यासाठी थेट अरबस्थानापर्यंत कशाला जायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. तथापि अधिक महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. ठिगळे लावलेला अंगरखा एवढ्यावरच राज्यकर्त्याची परीक्षा संपते काय?

उमरची कारकीर्द इ.स. ६३४ ते ६४४ अशी अवघ्या दहा वर्षांची. या अवधीत सीरिया, इजिप्त आणि इराक अरबांच्या हाती गेले, आणि सासानी इराणचे बलाढ्य साम्राज्य कोसळले. पण तलवारीचा पराक्रम इतिहासात दुर्मीळ नाही. त्यानंतर आलेला एक वाद मात्र खरोखर अभ्यासण्यासारखा आहे.

कादिसियाच्या लढाईनंतर दक्षिण इराकचा 'सवाद' हा कालव्यांनी भिजणारा सुपीक प्रदेश जिंकला गेला. लुटीचा एक पंचमांश सत्तेचा आणि उरलेले चार हिस्से सैनिकांचे, हा तेव्हाचा नियम. सैनिकांनी त्याच न्यायाने जमिनीची वाटणी मागितली. उमरने ती नाकारली. बिलाल, झुबैर यांच्यासारखे प्रेषितांचे मान्यवर सहकारी विरोधात उभे राहिले, वाद अनेक दिवस चालला. आठव्या शतकातील विधिज्ञ अबू यूसुफ याने महसुलावरील आपल्या ग्रंथात हा प्रसंग नोंदवला आहे. उमरच्या युक्तिवादाचा गाभा असा की, आज सारी जमीन वाटून टाकली तर पुढे येणाऱ्यांसाठी काय उरेल? सीमेवरच्या ठाण्यांचा खर्च कोठून निघेल? अखेर जमीन कसणाऱ्याकडेच राहिली, तिच्यावर खराज बसला. उस्मान इब्न हुनैफ याने मोजणी केली. तीन कोटी साठ लक्ष जरीब हा तिचा आकडा अरबी ग्रंथांत येतो. जमिनीला झेपणार नाही असा सारा तर बसवला नाही ना, असे उमरने मोजणीदारांना विचारल्याचीही नोंद आहे. सुभेदारांची मालमत्ता नेमणुकीच्या वेळीच लिहून घेण्याची आणि ती अवाजवी वाढल्यास अर्धी जप्त करण्याची त्याची रीत होती. आपल्याकडे निवडणुकीच्या उमेदवाराला मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागण्यासाठी २००२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला!

अर्थात या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा इतिहासाभ्यास नव्हे. सवादच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. त्याच्या घामाचा सारा कूफा आणि बसरा येथील अरब सैनिकांच्या तनख्यांत जात होता, आणि धर्म न बदलणाऱ्यावर जिझिया होताच. खैबरचे ज्यू आणि नजरानचे ख्रिस्ती उमरच्याच काळात घरादारातून हलवले गेले. ६४४ मध्ये मदिनेच्या मशिदीत ज्याने त्याला भोसकले, तो फिरोज हा इराणी गुलाम होता. मालकाने लादलेली वसुली जड होते ही त्याची तक्रार उमरने मान्य केली नव्हती, असे अरबी इतिहासकार सांगतात.

तरीही जमीनवाटणीच्या निर्णयाचे मोल उणे होत नाही. महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. छत्रपती शिवरायांनी सैन्याला आणि अधिकाऱ्यांना जहागिरी देण्याऐवजी रोख वेतन देण्याचा कटाक्ष ठेवला, अण्णाजी दत्तोंकडून जमिनीची मोजणी करवून घेतली. आणि दोन्हीकडे पुढे घडले तेही सारखेच. उमरच्या पश्चात उस्मानच्या काळात जमिनी आप्तस्वकीयांना मिळू लागल्या. इकडे राजाराम महाराजांच्या संकटकाळात मोगलांकडे जाणाऱ्या सरदारांना राखण्यासाठी वतने वाटावी लागली. स्वराज्याचे प्राण वाचले, पण वतनदारी पुन्हा बोकाळली.

वैनगंगेच्या खोऱ्याने तर याचा उलटा प्रयोग भोगला आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराला थेट जमिनीचा मालक केले. ज्याच्याकडे हिशेब, त्याच्याच नावावर गाव! वसुली सोपी झाली, सरकार निश्चिंत झाले. कसणाऱ्याचे काय, आणि पुढच्या पिढीचे काय, हे उमरला सुमारे बाराशे वर्षे आधी पडलेले प्रश्न इंग्रज अधिकाऱ्यांना फारसे पडलेले दिसत नाहीत.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली, हे उचितच झाले. पण मालगुजारीबरोबर गावोगावचे तलावही सरकारजमा झाले. हे तलाव मुळात कोहळी समाजाच्या कसबाचे. नवेगावबांधच्या विशाल तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव आजही जोडले जाते. धानाची शेती याच पाण्यावर उभी राहिली. 'माजी मालगुजारी' या कागदी नावाचे लोकांनी 'मामा तलाव' केले, परंतु भाच्यांचा मामावरचा हक्क कागदावर सरकला तसे कर्तव्यही सरकले. पाळ कोणी बांधायची, तुडुम कोणी दुरुस्त करायचे, गाळ कोणी उपसायचा, याचे उत्तर गावाकडून कचेरीकडे गेले. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काहींच्या बुडीत क्षेत्रात नांगर फिरला.

१ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा हा वारसाही त्याच्या पदरात आला. प्रत्येक मामा तलावाची हद्द मोजून खुणेचे दगड रोवणे, अतिक्रमणाची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवणे आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याला अडवणूक न करता परवानगी देणे, एवढ्याला काही साम्राज्य लागत नाही. खरीपाआधीच्या ग्रामसभेत हा विषय कार्यकर्त्यांनी मांडावा, आणि मोजणीचा कागद हाती आल्याशिवाय पुढच्या विषयाला हात घालू देऊ नये.