जडेजानं मारायला हवं होतं का? लॉर्ड्सच्या २२ आणि ओव्हलच्या ६ धावांचा हिशोब

१३ जुलैची संध्याकाळ, लॉर्ड्स. शुभमन गिल बाद झाला, दिवस संपायला थोडी षटकं उरली होती आणि भारतानं आकाशदीपला नाइट वॉचमन म्हणून पाठवलं. तो १ धाव करून बेन स्टोक्सच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला. ५८ वर ४. सोशल मीडियावर निकाल लगेच लागला: पंत समोर असताना गोलंदाजाला पाठवायचंच कशाला? गंभीरला काय कळतं?

१ ऑगस्टची संध्याकाळ, ओव्हल. साई सुदर्शन बाद झाला, दिवस संपायला आला होता आणि भारतानं पुन्हा आकाशदीपलाच पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ६६ धावा ठोकल्या आणि यशस्वी जैस्वालबरोबर १०७ धावांची भागीदारी केली. सोशल मीडियावर निकाल पुन्हा लगेच लागला: मास्टरस्ट्रोक.

माणूस तोच, चाल तीच, कारणही तेच. बदलला तो फक्त निकाल. (ओव्हलवर आकाशदीपचा एक झेल सुटला होता, हे मास्टरस्ट्रोकवाल्यांनी फारसं सांगितलं नाही.)

भारत-इंग्लंड मालिका २-२ अशी सुटली. लॉर्ड्सची कसोटी आपण २२ धावांनी हरलो आणि ४ ऑगस्टला ओव्हलची ६ धावांनी जिंकलो. धावांच्या फरकानं बघितलं तर हा भारताचा कसोटीतला सर्वांत निसटता विजय. आधीचा विक्रम होता २००४ चा, वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला १३ धावांनी हरवल्याचा. मालिका संपली तरी वाद संपलेला नाही आणि त्यातला सर्वांत मोठा वाद रवींद्र जडेजाचा आहे. त्यामुळे तो जरा नीट बघू.

नेमकं झालं काय होतं?

लॉर्ड्सवर भारतापुढे १९३ चं लक्ष्य होतं. शेवटच्या दिवशी लंचला स्कोअर होता ११२ वर ८. अजून ८१ धावा हव्या होत्या. एका बाजूला जडेजा, दुसऱ्या बाजूला आधी बुमराह आणि मग सिराज.

बुमराहनं ५४ चेंडू खेळून ५ धावा केल्या. सिराजनं ३० चेंडूंत ४. जडेजा १८१ चेंडूंत ६१ वर नाबाद राहिला, त्यात ४ चौकार आणि १ षटकार. शेवटच्या दोन जोड्यांनी पस्तीसेक षटकं काढली आणि ५८ धावा जोडल्या. शेवटी शोएब बशीरचा चेंडू सिराजनं बॅटनं व्यवस्थित अडवला, पण तो जमिनीवर पडून मागे फिरला आणि हळूच स्टंपवर जाऊन आदळला. बेल पडली. सिराज तिथेच खाली बसला. तो फोटो तुम्ही पाहिला असेलच.

आता दोन गट. एक म्हणतो, जडेजानं एकट्यानं किल्ला लढवला, त्याला काय बोलता? दुसरा म्हणतो, बॅट्समन तो होता, धोका त्यानं घ्यायला हवा होता, शेपटाला गोलंदाजांसमोर उभं करून स्वतः सिंगल काय घेत होता? दुसऱ्या गटात अनिल कुंबळेसारखी माणसंही आहेत, त्यामुळे तो गट नुसता ट्रोलांचा आहे असं म्हणून सोडून देता येत नाही.

शेपटाबरोबर खेळण्याचं गणित असं असतं. षटकाच्या पहिल्या तीन-चार चेंडूंना कॅप्टन चांगल्या बॅट्समनसमोर फिल्डर सीमारेषेवर पाठवतो. चौकार बंद, सिंगल उघडी. सांगणं सरळ असतं: घे एक धाव आणि दुसऱ्याला पुढे आण. पाचव्या-सहाव्या चेंडूला तेच फिल्डर आत येतात, म्हणजे स्ट्राइक राखायला सिंगल मिळू नये. बॅट्समनपुढे मग दोनच वाटा. पसरलेल्या फिल्डिंगवरून उंच मारायचं, किंवा सुरुवातीचे चेंडू सोडून द्यायचे आणि शेवटी सिंगल चोरायची. जडेजानं बराच वेळ दुसरी वाट धरली.

टीकाकारांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथे आहे. बुमराह आणि सिराज मिळून ८४ चेंडू खेळले. म्हणजे लंचनंतरच्या दर दहा चेंडूंपैकी साधारण चार चेंडू दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या माणसांनी खेळले. एक चांगला चेंडू कधी ना कधी येणारच.

पण बुमराह असताना जडेजाचा मार्ग मला तरी बरोबर वाटतो. ८१ धावा म्हणजे दोन-चार फटक्यांचं काम नव्हतं. खेळपट्टीवर चेंडू खाली-वर राहत होता, जुना चेंडू मऊ झाल्यामुळे बॅटवर येत नव्हता. त्यात जडेजा बाद झाला असता तर सामना तिथेच संपला असता. शिवाय मार्ग चालत होता. भारत ११२ वरून १४७ पर्यंत गेला आणि बुमराह बाद झाला तो स्वतः मोठा फटका मारायला जाऊन. जडेजानं त्याला उघडं पाडलं म्हणून नव्हे.

गोष्ट बदलते ती १४७ वर ९ झाल्यावर. आता ४६ हव्या होत्या आणि विकेट एकच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ८० षटकं झाली की इंग्लंडला नवा चेंडू मिळणार होता. नवा चेंडू आर्चरच्या हातात आणि समोर सिराज, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. डाव संपला तेव्हा ७४.५ षटकं झाली होती. म्हणजे घड्याळ भारताच्या विरोधात चालू होतं आणि वाट बघण्याची किंमत दर षटकाला वाढत होती. या टप्प्यावर धोका थोडा लवकर घ्यायला हवा होता, असं म्हणायला जागा आहे. बशीरच्या डाव्या हाताचं बोट मोडलेलं होतं, तरी तो गोलंदाजीला आला होता. त्याच्यावर हल्ला का नाही, हा प्रश्न रास्तच आहे.

त्यालाही उत्तर आहे, फक्त ते रीलमध्ये मावत नाही. बशीर ऑफस्पिनर, जडेजा डावखुरा. म्हणजे चेंडू बॅटपासून बाहेर वळणार. वळणाच्या विरुद्ध लेग साइडला उंच फटका म्हणजे कड लागून झेल जाण्याची हमखास सोय.

मारलं असतं तर?

हा प्रश्न काल्पनिक वाटेल, पण त्याचं उत्तर आपल्याकडे १९९९ पासून पडून आहे.

३१ जानेवारी १९९९, चेन्नई, समोर पाकिस्तान, लक्ष्य २७१. पाठीच्या वेदनेनं सचिन तेंडुलकरला उभं राहणं कठीण झालं होतं. त्यानं जडेजाच्या उलट मार्ग धरला: पाठ पूर्ण धरायच्या आत सामना संपवू. १३६ वर असताना सकलेन मुश्ताकला उंच मारायला गेला, झेल वसीम अक्रमनं घेतला. स्कोअर २५४, फक्त १७ हव्या होत्या आणि तीन विकेट बाकी. पुढच्या ४ धावांत तिन्ही गेल्या. भारत १२ धावांनी हरला.

त्यानंतर काय झालं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. मुंबई-पुण्यातच काय, गावागावांतल्या पारांवर कित्येक वर्षं एकच वाक्य फिरत होतं: मारायची काय गरज होती? सचिन मॅच संपवत नाही. सकलेनही ऑफस्पिनर आणि त्या मॅचमध्येही शेपूट समोर होतं. म्हणजे १९९९ मध्ये मारलं म्हणून दोषी आणि २०२५ मध्ये मारलं नाही म्हणून दोषी.

उलट बाजूही आहे. २०१० मध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध लक्ष्य २१६ होतं आणि स्कोअर १२४ वर ८. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची पाठ धरलेली, धावायला रनर. त्यानं इशांत शर्मावर विश्वास टाकला, सिंगल घेतल्या, त्याला स्ट्राइक दिली. इशांतनं ३१ धावा केल्या, दोघांनी ८१ जोडल्या आणि भारत एका विकेटनं जिंकला. हो, तेव्हाही भागीदारी ८१ चीच, लॉर्ड्सवर लंचला हव्या होत्या नेमक्या तेवढ्याच. त्या दिवशी लक्ष्मणनं शेपटाला उघडं पाडलं असं कुणी म्हणालं नाही.

सामना गेला कुठे?

शेवटचा तास डोळ्यांत राहतो, त्यामुळे भांडण त्याच्यावर होतं. पण २२ धावा शोधायच्या असतील तर आधीच्या चार दिवसांत त्या जागोजागी सांडलेल्या दिसतात.

पहिल्या डावात तिसऱ्या दिवशी लंचच्या तोंडावर राहुल ९८ वर होता आणि पंत ७४ वर. दोघांची भागीदारी १४१ ची, इंग्लंडचे खांदे पडलेले. राहुलचं शतक लंचआधी व्हावं म्हणून स्ट्राइक देण्याची घाई झाली, स्टोक्सनं थेट फेक मारली आणि पंत धावबाद. राहुलनं स्वतःच नंतर सांगितलं की लंचआधी शतक झालं तर बरं, असं तो पंतला म्हणाला होता. लंचनंतर शतक झालं आणि लगेच राहुलही गेला. पुढे ३७६ वर ६ असताना ३८७ वर सगळे बाद, म्हणजे ११ धावांत ४ विकेट. दोन्ही संघांचे पहिले डाव ३८७ वर बरोबरीत सुटले. तिथे पन्नासची आघाडी मिळाली असती तर जडेजाला १८१ चेंडू खेळायची वेळच आली नसती.

मग अवांतर धावा. भारतानं या सामन्यात ६३ अवांतर दिल्या, इंग्लंडनं ३०. दुसऱ्या डावात नुसत्या बायच्या धावा २५. आपण हरलो २२ नं. पंतच्या बोटाला लागल्यामुळे ध्रुव जुरेल यष्टिरक्षण करत होता, आणि लॉर्ड्सवर चेंडू बॅट ओलांडून गेल्यावरही वळतो, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरं नाही. पण ‘जुरेलच्या बाय’ यावर ट्रेंड होत नाही, ‘जडेजाचा स्वार्थ’ यावर होतो.

आणि कुलदीप?

पाच कसोटी, एकाही सामन्यात नाही. मालिकाभर सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच असावा.

याचं मूळ पहिल्या कसोटीत, लीड्सला आहे. तिथे भारताकडून पाच शतकं झाली, तरी सामना पाच विकेटनं गेला. कारण पहिल्या डावात शेवटच्या ७ विकेट ४१ धावांत पडल्या आणि दुसऱ्यात ६ विकेट ३१ धावांत. पालघरचा शार्दूल ठाकूर ज्या कामासाठी आठव्या क्रमांकावर होता, ते फलंदाजीचं काम झालं नाही. पोळलेल्या व्यवस्थापनानं ठरवलं की आठव्या क्रमांकापर्यंत बॅट हवी. म्हणून वॉशिंग्टन सुंदर आणि नितीश रेड्डी आले, म्हणून कुलदीप बाहेर.

हा निर्णय भित्रा होता असं माझं मत आहे. कसोटी जिंकायला २० विकेट लागतात आणि इंग्लंडनं लीड्सला ३७१ चा पाठलाग केला तो आपल्याकडे मधल्या षटकांत विकेट काढणारा माणूस नव्हता म्हणून. पण माझ्या मताच्या आड एक गैरसोयीची गोष्ट येते. लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात वॉशिंग्टननं २२ धावांत ४ विकेट काढल्या, रूट, स्मिथ आणि स्टोक्स यांच्यासह चारही जण त्रिफळाचीत. इंग्लंड १९२ वर आटोपलं. निवडीवरून शिव्या घालायच्या तर त्या दिवशी निदान गोलंदाजीसाठी तरी घालता येत नाहीत. बॅटनं तो शून्यावर गेला, ज्यासाठी त्याला घेतलं होतं असं सांगितलं जात होतं, ती गोष्ट वेगळी.

निकालावरून उलटा तर्क लावायची हद्द बुमराहच्या बाबतीत झाली. तो तीनच कसोटी खेळणार हे आधी ठरलं होतं. तो खेळला ते दोन सामने भारत हरला, एक अनिर्णित राहिला. तो नव्हता ते दोन्ही जिंकला. लगेच काहींनी ‘बुमराह पनवती’ असं लिहायला सुरुवात केली. तीन कसोटींत १४ विकेट, त्यात दोनदा डावात पाच! लॉर्ड्सवर तर त्यानं सामन्यात ७ काढल्या. तो होता म्हणून हरलो, हे म्हणजे छत्री उघडली म्हणून पाऊस आला म्हणण्यासारखं आहे.

ओव्हलवरचा न झालेला वाद

ओव्हलवर शेवटच्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, हातात ४ विकेट. ८० षटकं झाल्यावर नवा चेंडू उपलब्ध झाला. गिलनं तो घेतला नाही. जुना चेंडू हलत होता, सिराजच्या हातात तो बोलत होता, म्हणून तोच चालू ठेवला. डाव ८५.१ षटकांत संपला. ख्रिस वोक्स निखळलेला खांदा स्वेटरखाली बांधून एका हातानं बॅट धरून दुसऱ्या टोकाला उभा होता आणि सिराजच्या यॉर्करवर अॅटकिन्सनचा स्टंप उडाला.

त्याच डावात हॅरी ब्रूक १९ वर असताना सिराजनं त्याचा झेल घेतला होता, पण पाय सीमारेषेवर पडला. ब्रूकनं पुढे १११ केल्या. अॅटकिन्सननं आणखी एक षटकार मारला असता तर स्कोअर बरोबरीत आला असता. आणि इंग्लंड जिंकलं असतं तर आज नवा चेंडू का घेतला नाही आणि सिराजला सीमारेषा दिसत नाही का, यावर किती रील्स आल्या असत्या याचा अंदाज करा. प्रत्यक्षात त्याच सिराजच्या मालिकेत २३ विकेट झाल्या आणि गिल कॅप्टन म्हणून ‘तयार झाला’.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात दोन कसोटी खेळायला येणार होता, पहिली २ तारखेपासून अहमदाबादला. घरच्या खेळपट्ट्यांवर कुलदीपला जागा मिळण्याची शक्यता बरीच होती. तो आला तर जडेजा, वॉशिंग्टन आणि नितीश यांच्यापैकी कुणाला बसवायचं, हा पुढचा वाद होता. ओव्हलची कसोटी संपली तेव्हा त्याला अजून दोन महिने होते, पण कमेंट्समध्ये तो तेव्हाच सुरू झाला होता.