नियतीचा माग आणि खुर्दा (थ्रेड)

१/ 'गॉड ऑफ वॉर' या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये एक पर्यायी शेवट फार लाडका आहे : क्रेटॉसने काळात मागे जावे, पत्नी आणि मुलगी यांना वाचवावे, आणि खेळ तिथेच संपावा. इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्यांना हा शेवट शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे देतो.

२/ आधी पार्श्वभूमी. पहिला खेळ २००५चा. स्पार्टाचा सेनानी क्रेटॉस हा युद्धदेव अरेसचा चाकर. एका रात्री तो अथीनाच्या उपासकांच्या गावावर तुटून पडतो, मंदिरात शिरतो, समोर येईल त्याला कापत सुटतो. भानावर येतो तेव्हा पुढ्यात त्याचीच पत्नी लायसँड्रा आणि मुलगी कॅलिओपी मरून पडलेल्या असतात.

३/ २००७च्या दुसऱ्या भागात तो नियतीच्या तिघी भगिनींना मारतो आणि त्यांचा माग ताब्यात घेतो. सगळा काळ आता त्याच्या हाती. तो जातो कुठे? आधी झ्यूसने त्याला ठार केले त्या क्षणाकडे, मग टायटन आणि देव यांच्या प्राचीन युद्धात. तिथून टायटनांना घेऊन तो ऑलिंपसवर चाल करतो. त्या गावाकडे मात्र तो फिरकत नाही.

४/ चाहत्यांचा आक्षेप इथेच आहे, आणि तो तर्काला धरून आहे. या खेळात भूतकाळ बदलू शकतो. भगिनींपैकी अॅट्रोपोस क्रेटॉसला अरेसबरोबरच्या जुन्या लढाईत ओढून नेते, ती तिचा निकाल फिरवण्यासाठीच. मग ती रात्र का फिरवू नये? प्रश्न रास्त आहे. माझे भांडण त्याच्या उत्तराशी आहे.

५/ त्या उत्तरात वाचतात फक्त दोघी. गावातले बाकीचे? कोणी म्हणेल, हल्लाच थांबवला तर सगळेच वाचतील. ठीक. पण अरेसच्या चाकरीत त्याआधी जाळलेल्या गावांचे काय? तिथेही कोणाच्या तरी मुली होत्या. त्यांच्यासाठी मागे जावे असे कोणालाच सुचत नाही, कारण त्यांची नावे पडद्यावर येत नाहीत.

६/ हा पेच नवा नाही. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा मुलगा सर्पेडॉन मरणाच्या दारात आहे. त्याला उचलून न्यावे असे झ्यूसच्या मनात येते. हेरा त्याला अडवते. तिचा मुद्दा असा, की ट्रॉयभोवती लढणाऱ्यांत इतर देवांचीही मुले आहेत. तू तुझा वाचवलास तर ते गप्प का बसतील? झ्यूस रक्ताचा पाऊस पाडतो, पण मुलाला मरू देतो.

७/ ग्रीक भाषेत नियतीदेवतांना 'मोइराय' म्हणतात. 'मोइरा' म्हणजे वाटा. क्लोथो सूत कातते, लॅकेसिस मापते, अॅट्रोपोस कापते. आपणही 'वाट्याला आले' असेच म्हणतो. वाटा एकट्याचा नसतो, सगळ्यांमध्ये वाटलेला असतो. आपल्या माणसाचा धागा तेवढा लांबवणे हा ग्रीक कथेच्या मुळावरच घाव आहे.

८/ आता खरा स्पार्टा पाहा. इ. स. पू. ४८०मध्ये थर्मोपिलीला पडलेल्या तीनशे स्पार्टनांची नावे आपण शोधून मिळवली, असे हिरोडोटस सांगतो. पुढे कित्येक शतकांनी पॉसेनिअसने ती स्पार्टात स्तंभावर कोरलेली पाहिली. त्याच रणात त्यांच्याबरोबर हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे दासही मेले. त्यांची नावे कोणी विचारली नाहीत.

९/ थ्युसिडिडीस याहून भयंकर हकीकत देतो. युद्धात पराक्रम गाजवलेल्या हेलॉटांना मुक्त करू, असे स्पार्टाने जाहीर केले. सुमारे २,००० जण निवडले गेले. डोक्यावर माळा घालून ते मंदिरांना फेऱ्या घालून आले. पुढे ते नाहीसे झाले. कोण कसा मेला, हे कोणालाच कळले नाही. क्रेटॉसचे शहर ते हे.

१०/ आपणही यात मागे नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि मराठे जिंकतात. कथा उत्तमच आहे, आणि तिचा नायक शेवटी आपल्याच जगात परततो. आपली 'जर-तर'ची चर्चा मात्र त्या गोळीपाशी मुक्काम ठोकून बसते.

११/ १४ जानेवारी १७६१ नंतर आलेला सांकेतिक निरोप सर्वांना ठाऊक आहे. त्यात मोत्ये मोजली, मोहोरा मोजल्या. खुर्द्याची मात्र गणती झाली नाही. फौजेबरोबर निघालेले यात्रेकरू, बायका, मुले, बाजारबुणगे हा तो खुर्दा. आपल्या प्रत्येक 'जर-तर'मध्ये मोती परत मिळते. खुर्दा पुन्हा धुळीतच राहतो.

१२/ म्हणून माझा शेवट असा. क्रेटॉस माग हाती घेतो आणि त्या रात्रीच्या आदल्या संध्याकाळी गावात उतरतो. शस्त्र चालत नाही, हस्तक्षेप करता येत नाही. खेळणाऱ्याचे काम एकच : दारोदार जाऊन प्रत्येकाचे नाव विचारणे. शेवटचे दार मंदिराचे. आतली दोन नावे त्याला ठाऊक आहेत, तरी ती त्याने विचारायचीच. मग अंधार पडतो आणि वेशीवर तरुण क्रेटॉसच्या मशाली दिसतात.

१३/ 'यात समाधान कुठे?' असे विचाराल. समाधानाची वाट खेळाच्या कर्त्यांनीही नाकारली आहे. २००८च्या भागात कॅलिओपी त्याला परलोकात भेटते, आणि जग वाचवण्यासाठी त्याला तिला पुन्हा सोडावे लागते. २०२३च्या 'वल्हाला'त तो आपल्या तरुण रूपासमोर उभा राहतो. भूतकाळ तो बदलत नाही. तो आपला आहे एवढे मान्य करतो.

१४/ मित्रहो, काळात मागे जाण्याचे यंत्र आपल्याकडे नाही, पण दफ्तरे, शिलालेख आणि बखरी आहेत. त्यांच्या वाटेने मागे जाणाऱ्याला कोणालाही वाचवता येत नाही. मेलेल्याचे नाव तेवढे विचारता येते. ज्याला तेही विचारावेसे वाटत नाही, त्याच्या हाती नियतीचा माग आला तरी तो आपलीच दोन माणसे घेऊन परतेल.

(समाप्त)